घरात सुवासीण नाही म्हणून पालखी न थांबवणाऱ्या यात्रा समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, ग्रामदैवत यात्रा समिती,
तसेच सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि समस्त ग्रामस्थ

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या चैत्र यात्रेआधी चावडीसमोरच्या फळ्यावर समितीची सूचना लागली. पालखीला ओवाळणं आणि जोगुबाई देवीची ओटी भरणं फक्त सुवासिनींनी करावं. ज्या मानकऱ्याच्या घरी सुवासीण नाही, त्या घरचा मान यंदापुरता भावकीतल्या दुसऱ्या घरी जाईल, असं तिच्यात लिहिलं होतं. शेजारीच वर्गणीची यादी होती. त्या यादीत आमचं घर होतं, आणि वर्गणी पूर्ण घेतली गेली.

मी या गावची सून. तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं माझ्या वर्गात बसली आहेत. माझ्या मालकांच्या घराण्याकडे पालखीच्या थांब्याचा मान आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून भोयांच्या पायांवर पाणी घालणं, भैरोबाला ओवाळणं, नारळ-भंडारा देणं हे मी केलं, माझ्याआधी सासूबाईंनी केलं. मालक गेले. पहिल्या वर्षी घरात दुखवटा होता, पालखी पुढे गेली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. यंदा दुखवटा नव्हता. तरीही पालखी माझ्या दारावरून पुढे नेली आणि चुलत दिरांच्या दारात थांबवली. समितीतल्या एका जाणत्या माणसाला विचारलं, तर ते मायेनंच म्हणाले, "वहिनी, पोराचं लग्न होऊ दे, मान परत येईल." म्हणजे अजून कुणी न पाहिलेली, कुठल्या गावातली कोण हे ठाऊक नसलेली एक मुलगी या घरात येईपर्यंत देव आमच्या दारात थांबणार नाही.

हे पत्र मी समितीच्या दप्तरात देऊन गप्प बसू शकले असते. जाहीर लिहिते आहे कारण हा प्रश्न माझ्या एका दाराचा नाही. आपल्याच गावात कोविडच्या दोन लाटांनी कितीतरी तरुण बायकांची कपाळं मोकळी केली. 2011 च्या जनगणनेत देशभरात 4 कोटींहून जास्त विधवा स्त्रिया नोंदल्या गेल्या होत्या. कुठलीही भावकी घ्या, तिच्यात असं एखादं घर आहेच.

मी श्रद्धाळू आहे, हे आधीच सांगते. देवधर्म थोतांड आहे असं पटवायला मी बसलेली नाही. उलट यात्रा गावासाठी काय करते, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले आहे. एमिल डुरखाईम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1912 साली मांडलं की माणसं एका पवित्र गोष्टीभोवती जमतात, एका ठेक्यावर नाचतात, एका वेळी एकच नाव घेतात, तेव्हा त्यांना आपल्याहून मोठं काहीतरी जाणवतं. त्या मोठ्या गोष्टीत देवाइतकाच समाजही असतो. हे शिकवताना मला पुस्तकातल्या उदाहरणांची गरज कधीच पडली नाही. सासनकाठी उभी राहते, हलगी-कैताळ सुरू होतं, गुलाल-खोबरं उधळलं जातं, आणि बांधावरून वर्षभर न बोलणारे दोन भाऊ एकाच काठीचा तोल सांभाळतात. पुणे-मुंबईला गेलेली पोरं परत येतात, लेकी माहेरी येतात. गुरव, सुतार, कुंभार, पायघड्या घालणारा परीट, हलगी वाजवणारं मातंग घर, बकरं कापणारे मुलाणी, सगळ्यांचा काही ना काही मान असतो. त्या मानात उतरंड होती आणि आजही आहे, ती मी झाकत नाही. पण वर्षातून एकदा गाव स्वतःला मोजून पाहतं ते यात्रेत. म्हणूनच त्या मोजणीतून कुणाला वगळलं, तर तो माणूस फक्त एका विधीतून वगळला जात नाही, तो गावातूनच वगळला जातो.

आता माझी खरी तक्रार.

मृत्यू झाला की घर विस्कटतं आणि त्याच्याबरोबर भावकीही. राहिलेल्या माणसांना हळूहळू परत माणसांत आणणं, हे काम जगभर धर्मानं केलं आहे. आर्नल्ड व्हॅन जेनेप या अभ्यासकानं 1909 साली अशा विधींचे तीन टप्पे दाखवले. आधी माणसाला रोजच्या जगण्यातून बाजूला काढायचं, मग काही काळ त्याला उंबऱ्यावर ठेवायचं, शेवटी नव्या ओळखीसह आत घ्यायचं. आपल्याकडचं सुतक अगदी याच क्रमानं चालतं. शिवाशिव बंद, देवपूजा बंद. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, दहावा, मग उत्तरकार्य आणि गोडं जेवण. त्या दिवशी पाहुणे मुलाला टॉवेल-टोपी करतात, त्याला देवळात नेतात, देवापुढे डोकं टेकवायला लावतात. मुलगा आत आला. भाऊ आत आले. पुतण्यांची लग्नं पुढच्या मोसमात लागतात, ती मंडळीही आत आली.

आणि मेलेल्या माणसाची बायको? तिचं बाजूला काढणं सगळ्यांसमोर होतं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवणं, सगळं भरल्या माणसांत. पण तिला परत आत घेणारा विधीच आपल्याकडे नाही. तेरा दिवसांनी सगळ्यांचं सुतक फिटतं, तिचं फिटत नाही. ती उंबऱ्यावर उभी राहते ती मरेपर्यंत. हळदी-कुंकवाला जायचं नाही, नवरीला हळद लावायची नाही, पोटच्या पोराच्या लग्नात देवक बसवताना मागे उभं राहायचं. धर्मानं जे काम करायचं ते अर्ध्या माणसांसाठी केलं आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी मधेच टाकून दिलं, असं मला वाटतं. यंदाच्या सूचनेनं समितीनं हे अर्धवट टाकणं शिक्का मारून कायम केलं.

हेच पुरुषांना लावून पाहा. पालखीचा दांडा खांद्यावर घेणाऱ्यांत बायको गेलेले लोक आहेत, अब्दागिरी धरणाऱ्यांत आहेत, यात्रा समितीतही आहेत. त्यांच्या अंगावर अपशकुनाची कुठलीच खूण नाही. त्यांनी देवाच्या जवळ यायचं थांबावं असं मी म्हणत नाही. दुःखाच्या काळात देवाचा खांदा धरता आला, म्हणून ते सावरले असतील. तोच आधार मला का नाकारता, याचं उत्तर मला हवं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार लागली आहे. महाप्रसादाच्या आदल्या रात्री भाकऱ्या थापायला, भाजी निवडायला, मंडपाची जागा सारवायला बचत गटाच्या ज्या बायका आल्या, त्यांत आम्ही नवरे गेलेल्या बऱ्याच होतो. आम्हांला तुम्हीच निरोप पाठवून बोलावलं. आमच्या हातची भाकरी देवाच्या नावानं हजारो लोकांना चालते आणि त्याच हातची ओटी देवीला चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात बसवायचं?

समिती म्हणेल, ही परंपरा आहे, आम्ही नवीन काही केलेलं नाही. मी गावात आले तेव्हापासूनची यात्रा मला आठवते. नोकरदारांना सुट्टीत येता यावं म्हणून छबिन्याची, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीची, वेळ बदलली. विजेच्या तारांमुळे सासनकाठीचा रस्ता बदलला. काही भावक्यांनी बकऱ्याचा नैवेद्य बंद करून पुरणाचा सुरू केला. काही ठिकाणी हलगीच्या जागी मोठाले स्पीकर आले. यातलं काही मला आवडलं, काही नाही. पण प्रत्येक बदल माणसांनी बसून, बोलून, सोयीनं केला, आणि देव कोपला नाही. मग परंपरा बदलायची नसते हे फक्त माझ्या दाराशी आल्यावरच का आठवलं?

शिवाय ही परंपरा आपल्या घरांत किती जुनी, तेही तपासायला हवं. शेतकरी, कारागीर अशा बहुसंख्य जातींत म्होतूर लागत होतं, पाट लावला जात होता, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न होत होतं. म्होतुराच्या बाईला पहिल्या लग्नाच्या बाईइतका मान मिळत नव्हता, तो विधीही रात्री उरकला जाई, हे खरं. तरी बाईला नवा संसार मांडता येत होता. पुढे घराणं वर चढवायचं म्हणून वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे नियम उचलले गेले, आणि त्यात सगळ्यांत आधी बाईवर आलं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या घुर्ये सरांच्या हाताखाली शिकलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 साली कर्नाटकातल्या कूर्गमधल्या लोकांवर लिहिताना या चालीला संस्कृतीकरण म्हटलं. त्यामुळे आज आपण ज्याला फार जुनं, वाडवडिलांचं म्हणतो, त्यातलं कितीतरी उसनं आणलेलं आहे.

आपल्या भागातल्या देवीकडेही जरा पाहा. आपल्या गावातून दर वर्षी गाड्या भरून लोक कर्नाटकातल्या सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनाला जातात. मार्गशीर्ष पौर्णिमेला, जिला आपण रांडाव पुनव म्हणतो, रेणुका विधवा होते. तिचे पती जमदग्नी मारले गेले म्हणून तिचा चुडा उतरतो. आणि माघी पौर्णिमेला, अहेव पुनवेला, तिला पुन्हा चुडा भरतात, ओट्या भरतात, आंबील-घुगऱ्या होतात. देवीच्या कथेत वैधव्याला शेवट आहे. लोकांनी तिला तिच्या शोकात दोन महिने एकटं राहू दिलं आणि नंतर वाजतगाजत परत आणलं. ही कथा ज्यांनी रचली, ज्यांनी ती पुनव पाळली, त्यांना बाईला परत आणण्याची गरज कळली होती. तिथे जाऊन "उदं गं आई उदं" म्हणणारे आपण गावी येऊन शेजारच्या बाईला मात्र कायम रांडाव पुनवेतच ठेवतो. मला नवा नवरा नको, नवा चुडाही नको. या गावातली माणूस म्हणून मला पूर्ण परत यायचं आहे.

कुणी म्हणेल, ही बायकांचीच बाब आहे, नियम बायकाच पाळतात आणि पाळायला लावतात, आम्ही पुरुषांनी काय करायचं? हे अर्धं खरं आहे. माझ्या कपाळावरचं कुंकू पुसायला पुढे आलेले हात बायकांचेच होते, आणि त्यांतल्या दोघी-तिघी मला जिवाभावाच्या. पण त्यांच्या डोळ्यांत मी भीती पाहिली. आपण हे केलं नाही तर लोक काय म्हणतील, पुढं आपल्याच घरावर काही आलं तर? ज्या गावात बाईचा सगळा मान नवऱ्याच्या जिवंत असण्यावर टांगलेला असतो, तिथं ही भीती वेडेपणाची म्हणता येत नाही. नियम बायका पाळतात, पण फळ्यावर शिक्का मारणाऱ्या समितीत एकही बाई नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला या बाबतीत कुणाकडून शिकायची गरज नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. 1918 मध्ये राजपुत्र शिवाजी महाराज शिकारीत गेले तेव्हा त्यांची पत्नी इंदुमतीदेवी अगदी लहान होत्या. महाराजांनी सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही, सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्याच महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात, 17 मे 2022 रोजी, राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या ग्रामपंचायतीनंही मग तसा ठराव केला. फोटो निघाले, वर्तमानपत्रात बातमी आली. सरपंच आणि सदस्य मंडळींना मी विचारते, तो ठराव कुठल्या कपाटात आहे? यात्रा समितीची सूचना त्या ठरावाच्या सरळ विरुद्ध असताना ग्रामपंचायतीनं एक शब्दही का काढला नाही? सूचना लागली ती चावडीसमोरच, तुमच्या कार्यालयाच्या दारातून दिसेल अशी.

मला कोर्टकचेरी करायची नाही. तरी एवढं लक्षात असावं की हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाच्या हक्काचा कायदा राज्यात 1956 पासून आहे, आणि 2016 साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्यायचं की नाही हा वाद उच्च न्यायालयात गेला तेव्हा त्याच कायद्याच्या आधारे बायकांचा हक्क मान्य झाला. आपल्या देवळात मला कुणी अडवत नाही, हे मी मान्य करते. उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं आणि ओटी मात्र दुसरीच्या हातून भरून घ्यायची, हा त्या अडवणुकीचा जरा सभ्य प्रकार आहे.

विधी बदलतो कसा, याचा महाराष्ट्रातला एक दाखला मला नेहमी धीर देतो. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवांचं केशवपन होई. सत्यशोधक चळवळीतल्या लोकांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांनी सांगितलं की हे काम आम्ही करणार नाही. वस्तरा धरणारा हातच मागे झाला. आपल्या गावातही बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला कुणाचे तरी हात पुढे येतात, पालखी कुठल्या दारात थांबवायची हे कुणीतरी पुढे होऊन सांगतं. ते हात आपल्या ओळखीचे आहेत. त्या हातांना मी विनंती करते आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

चावडीवरची सूचना समितीनं लेखी मागे घ्यावी, आणि मागे घेतल्याचं पत्रक त्याच फळ्यावर लावावं. मानकऱ्याच्या घरचा मान घराचा आहे; त्या घरातली जी बाई पालखीला ओवाळू इच्छिते तिनं ओवाळावं, तिचा नवरा आहे की नाही हे कुणी विचारू नये. घरात बाईच नसेल तर पुरुषानं ओवाळावं. जोगुबाईची ओटी प्रत्येक बाईला भरता यावी, आणि त्यासाठी वेगळी रांग, वेगळी वेळ असली सोय काढू नये. तसली सोय मला मनाईपेक्षा जास्त अपमानाची वाटेल.

यात्रा समितीत बायका घ्याव्यात, आणि त्यांत नवरा नसलेल्याही असाव्यात. आमची वर्गणी आणि आमचे कष्ट घेता, तर आमचं मतही ऐकलं जावं.

ग्रामपंचायतीनं आपला विधवा प्रथाबंदीचा ठराव येत्या 1 मेच्या ग्रामसभेत पुन्हा वाचावा आणि त्याची अंमलबजावणी कोण करणार, ती माणसं ठरवावीत. गावात मयत झाली की त्याच दिवशी या माणसांनी त्या घरी जावं, भावकीतल्या थोरांशी बोलावं. कारण ठरावाची गरज नेमकी त्या दिवशी असते, आणि तेव्हा ठराव कुणालाच आठवत नाही. त्या बाईला स्वतःहून काही उतरवून ठेवायचं असेल तर तिची इच्छा. कुणी तिच्या अंगाला हात लावू नये.

शेवटची मागणी जरा मोठी आहे, ती मी गावाच्या विचारासाठी ठेवते. उत्तरकार्याच्या दिवशी मुलाला जसं देवळात नेतात, तसंच त्याच्या आईलाही न्यावं. पाहुण्यांनी मुलाला टॉवेल-टोपी करावी आणि गावातल्या बायकांनी त्या बाईची ओटी भरावी. गुरवांना मी विचारलं आहे, त्यांची याला हरकत नाही. सुरुवात कुणाच्या घरापासून करायची हा प्रश्न येईल, तर माझ्या घरचं उत्तरकार्य होऊन गेलं असलं तरी मला देवळात न्यायला कुणी आलं तर मी आजही तयार आहे.

दादा, आण्णा, मामा, तुम्ही सगळे मला नावानं ओळखता. मालक आजारी होते तेव्हा तुमच्यातल्यांनीच रात्रीच्या वेळी गाडी काढली होती, ते मी विसरलेले नाही. तुम्ही माणसं वाईट नाही, म्हणूनच तुम्हांला लिहिते आहे. या पत्राचं उत्तर मला घरी येऊन, चहा घेताना देऊ नका. 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या आणि सगळ्यांसमोर उत्तर द्या. मी सभेला येणार आहे, आणि माझ्याबरोबर आणखी बायका येणार आहेत.

आपली,
मानकऱ्याच्या घरची सून आणि या गावची एक नागरिक